कॉलेज बघायला साध्या मंगळवारी जा

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचा रँक येतो आणि बेळगावच्या उद्यमबागेत, नेहरूनगरात फाइल सांभाळत फिरणारे पालक दिसायला लागतात, त्यांच्या दोन पावलं मागून मान खाली घालून चालणारी मुलंही. त्या दिवसांत प्रत्येक कॉलेज सजलेलं असतं. फाटकावर निकालाचे बॅनर, पोर्चमध्ये टेबल मांडून बसलेले प्राध्यापक, पाण्याच्या बाटल्या, रंगीत माहितीपत्रकं. वर्ग मात्र रिकामे, लॅबना कुलूप, हॉस्टेलमध्ये रंगकाम चालू. जे बघायला यायचं ते त्या दिवशी तिथं नसतंच.

म्हणून कॉलेज बघायचं तर पोरगं फर्स्ट पीयूत (कर्नाटकातली अकरावी) किंवा महाराष्ट्राच्या अकरावीत असतानाच, सत्र चालू असताना, आठवड्याच्या मधल्या एखाद्या साध्या दिवशी. सोमवारी गावाकडून येणारी मुलं उशिरा पोचतात, शनिवारी कामकाज लवकर आटपतं, मंगळवार-बुधवार बरे. सत्र कधी चालू आहे हे फोन करून विचारायची गरज नाही. व्हीटीयूखालची (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाखालची) इंजिनिअरिंग कॉलेजं आपल्या वेबसाइटवर 'कॅलेंडर ऑफ इव्हेंट्स' टाकतात. त्यात सत्राची सुरुवात, इंटरनल टेस्टच्या तारखा, शेवटचा दिवस, सगळं असतं. टेस्टचा आठवडा टाळा. गणपतीचे दिवस बेळगावात कामाचे नाहीत. १ नोव्हेंबरला, राज्योत्सव आणि काळा दिवस एकाच दिवशी असल्यानं, शहरात बंदोबस्त असतो. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की लॉज मिळत नाहीत आणि रस्ते कधी अडतील सांगता येत नाही. बाहेरगावाहून मुक्कामाला येणाऱ्यांनी हे आधीच बघून ठेवावं.

गाव एक, राज्यं दोन

सीमाभागातल्या घरांना या फेरीत सगळ्यात मोठा धक्का नियमांचा बसतो, म्हणून तो आधी.

निपाणीत ज्याला सगळे 'आपलं कॉलेज' म्हणतात ते देवचंद कॉलेज कागदावर महाराष्ट्रात आहे: अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, विद्यापीठ शिवाजी. गावातलं जी. आय. बागेवाडी कॉलेज कर्नाटकात. एकाच गल्लीतल्या दोन मैत्रिणी दहावीनंतर या दोन ठिकाणी गेल्या तर एकीला महाराष्ट्राची एचएससी, दुसरीला कर्नाटकाची सेकंड पीयू. दोघींचा पुढचा रस्ता इथंच वेगळा होतो असं पालक धरून चालतात. प्रत्यक्षात तो तितका वेगळा होत नाही, आणि हे फार जणांना माहीतच नसतं.

कर्नाटकाच्या सीईटीत, म्हणजे केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या) प्रवेशात, पहिलीच पात्रता-अट अशी आहे: पहिली ते बारावीपैकी किमान ७ वर्षं कर्नाटकात शिक्षण झालेलं हवं आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून पास हवी. निपाणीत दहावीपर्यंत शिकून अर्जुननगरला बारावी केलेली मुलगी या अटीत बसते. उलट बाजूनं, महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात 'ई' प्रकारचे उमेदवार म्हणून एक गट आहे: महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागात राहणारे, तिथूनच दहावी किंवा बारावी झालेले, मातृभाषा मराठी असलेले. महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी ही वाट आहे. त्यासाठी रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले ठरावीक नमुन्यात लागतात. तो नमुना त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटी छापलेला असतो. जूनमध्ये सगळे एकाच वेळी कचेरीत धावतात आणि सही अडकते, तेव्हा दाखले आदल्या डिसेंबर-जानेवारीतच तयार ठेवा.

दोन्ही दारं उघडी असली तरी आत शिरण्याची रीत सारखी नाही. कर्नाटकात इंजिनिअरिंगचा रँक काढताना सीईटीचे निम्मे आणि बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे निम्मे गुण धरतात. महाराष्ट्रात गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे गुण फक्त किमान पात्रतेपुरते. जे पोरगं उत्तरं नीट मुद्देसूद लिहितं पण घड्याळ लावून प्रश्न सोडवताना गडबडतं, त्याला धारवाड-बेळगावची बाजू सोयीची. ज्याचं बोर्डाच्या पेपरात नुकसान झालंय पण डोकं तल्लख आहे, त्याला कोल्हापूर-सांगलीची. कोणत्या गावी कॉलेज बघायला जायचं हे ठरवण्याआधी मुलाच्या गेल्या दोन वर्षांच्या मार्कांकडे या नजरेनं बघावं.

जातीच्या दाखल्याचं गणित वेगळंच. कर्नाटकात मराठा समाज ३ब या मागासवर्गीय गटात येतो. तो दाखला घेऊन महाराष्ट्रात आरक्षण मिळेल असं कुणीही गृहीत धरू नये. सवलतीचा हिशेब दोन्ही राज्यांसाठी वेगळा मांडावा लागतो, आणि मगच फीची तुलना खरी ठरते.

प्रवासाचंही तसंच. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव सुमारे ७५. नकाशावर कोल्हापूर जवळ. पण जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या मुलींना राज्याच्या साध्या बसमध्ये राज्याच्या हद्दीत तिकीट नाही. कोल्हापूरच्या बाजूला एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. आठवड्याला घरी येणाऱ्या मुलीच्या वर्षाच्या खर्चात हा फरक चांगलाच जाणवतो. आणखी एक गोष्ट इथल्या लोकांना सांगायला नको, पण मुलाला सांगून ठेवावी: सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की आधी बस बंद होतात. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तसं झालं. अशा दिवशी परीक्षा असेल तर राहायचं कुठं, याचं उत्तर ॲडमिशनच्या वेळीच तयार हवं. एखादे नातेवाईक, ओळखीचं घर, किंवा हॉस्टेलची एका रात्रीची सोय.

फाटकापासून लॅबपर्यंत

आपल्याकडे परदेशासारखी कॅम्पस दाखवायची बांधलेली पद्धत नाही. वॉचमन विचारतो, "कुणाला भेटायचंय?" 'कॉलेज बघायचंय' म्हटलं की तो थेट ॲडमिशन विभागात पाठवतो आणि तिथं पुन्हा तेच माहितीपत्रक हातात पडतं. त्यापेक्षा आदल्या दिवशी मुलाला ज्या शाखेत रस आहे त्या विभागाच्या कार्यालयात फोन करावा. मुलगा फर्स्ट पीयूत आहे, उद्या सकाळी तासाभरासाठी विभाग बघायची परवानगी मिळेल का, एवढंच विचारावं. बहुतेक विभागप्रमुख आनंदानं हो म्हणतात, कारण गर्दीच्या दिवसांखेरीज असं कुणी येतच नाही. मुलाचं आयडी कार्ड आणि तुमचं आधार जवळ ठेवा, फाटकावरच्या रजिस्टरसाठी.

पोचायचं मात्र वेळेच्या आधी. पहिलं लेक्चर सुरू व्हायच्या पाऊण तास आधी फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसा. मुलं कशानं येतात ते दिसतं: कॉलेजच्या बसनं, सिटी बसनं, वडापनं की दुचाकीवर तिघं-तिघं. खानापूर, नंदगडकडच्या मुलांच्या दृष्टीनं एक बारीक पण मोठी सोय आहे. मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग ही सगळी ठिकाणं खानापूर रस्त्यावरच असल्यामुळे तिथल्या कॉलेजांसाठी सीबीटीपर्यंत (मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत) जाऊन परत यावं लागत नाही, बस वाटेतच सोडते. चंदगड-शिनोळीकडून येणाऱ्यांचं उलट. ते हिंडलग्याकडून शहरात शिरतात, आणि उद्यमबाग गाठायला शहर आरपार ओलांडावं लागतं. राणी चन्नम्मा विद्यापीठाचं भूतरामनहट्टीचं आवार हमरस्त्याला लागून आहे, त्यामुळे संकेश्वर-निपाणीकडच्या मुलांना ते शहराच्या अलीकडेच लागतं. सकाळच्या बसइतकीच संध्याकाळची बस महत्त्वाची. प्रॅक्टिकल संपतं तेव्हा गावाकडची शेवटची थेट बस निघून गेलेली असेल तर पोरगं रोज घरी रात्रीच पोचणार. ही वेळ कॉलेजच्या ऑफिसात कळत नाही. ती स्टँडवरच्या कंट्रोलरला किंवा त्या गावच्या मुलांना विचारावी.

आत गेल्यावर वर्गखोल्यांवर वेळ घालवू नका. फळा, बाक, प्रोजेक्टर सगळीकडे सारखेच. खरी माहिती लॅबमध्ये आणि तिथल्या मामांकडे, म्हणजे लॅब सांभाळणाऱ्या शिपायांकडे असते.

मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनच्या खाली बघा. मशीन रोज चालत असेल तर ट्रेमध्ये लोखंडाचा कीस पडलेला असतो, गुंडाळ्या झालेला, तेलानं काळपट. चकच्या जबड्यांवर घासल्याच्या ताज्या खुणा असतात. जिथं लेथ पुसून-रंगवून ठेवलाय, फरशी आरशासारखी आहे आणि कीस नावाला नाही, तिथं मशीन पाहुण्यांना दाखवण्यापुरतं आहे. मग मामांना विचारा, एका बॅचला मुलं किती आणि चालू लेथ किती. समजा बॅच २० मुलांची आणि चालू लेथ ४. एका लेथवर ५ मुलं येतात. एक जण हात लावतो, चौघं जर्नल भरतात. हाच हिशेब इलेक्ट्रॉनिक्सला लावा. तिथं ऑसिलोस्कोप ओळीनं मांडलेले असतात, पण प्रोब किती आहेत ते मोजा. यंत्र टिकतं, प्रोबची वायर पहिल्यांदा तुटते, आणि प्रोब नसेल तर ते यंत्र नुसतं खोकं. कॉम्प्युटर लॅबमध्ये किती पीसी चालू आहेत हे तर बघाच, पण यूपीएसची खोली कुठे आहे तेही विचारा. आपल्या भागात पावसाळ्यात वीज क्षणभर जाते आणि येते. बॅटऱ्या मेलेल्या असल्या तर तेवढ्यात सगळे पीसी बंद पडतात आणि दोन तासांच्या प्रॅक्टिकलमधला अर्धा तास पुन्हा सुरू करण्यात जातो. बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्याच लागतात, आणि खर्च कापायचा म्हटलं की त्यांच्यावरच पहिली कुऱ्हाड पडते.

लायब्ररीत पुस्तकांची संख्या पाटीवर लिहिलेली असते, ती सोडून द्या. मुलाच्या शाखेच्या कपाटातून एखादं क्रमिक पुस्तक काढा आणि शेवटचं पान उघडा. जिथं अजून तारखेची चिठ्ठी चिकटवायची पद्धत आहे तिथं शेवटचा शिक्का कधीचा ते दिसतं. बारकोड असेल तर काउंटरवर विचारा, या पुस्तकाच्या किती प्रती आहेत आणि आज किती बाहेर गेल्यात. तेच पुस्तक दहा जणांनी नेलेलं असणं ही चांगली खूण. मग संध्याकाळी पाचनंतर वाचनखोलीत पुन्हा एकदा डोकवा. परीक्षेच्या दिवसांत ती किती वाजेपर्यंत उघडी असते, आणि मुलींना तिथून हॉस्टेलपर्यंत जायची वाट उजेडाची आहे का, हे दोन्ही विचारा.

मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंगसाठी बघण्याची जागा वेगळी. तिथं कॉलेजच्या इमारतीआधी सकाळी दहा वाजता हॉस्पिटलच्या ओपीडीत जाऊन बसा. केसपेपरच्या खिडकीवर रांग आहे का, वॉर्डातल्या खाटांवर खरे रुग्ण आहेत का. रुग्णच नसतील तर शिकवणारे कितीही मोठे असोत, हात बसत नाही.

धारवाडला गेलात तर कृषी विद्यापीठाचं आवार शेतकरी घरातल्या मुलांना जरूर दाखवा. बीएस्सी ॲग्रीचा प्रवेशही केईएच्या सीईटीतून होतो आणि शेतकरी कोट्यासाठी वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. तिथं बियाणं, पिकं, अवजारं ओळखायला सांगतात. सुट्टीत शेतावर राबलेल्या मुलाला तिची भीती वाटायचं कारण नाही. कृषी मेळ्याच्या दिवसांत हे आवार सगळ्यांसाठी खुलं असतं, साध्या दिवसाच्या नियमाला हा एवढाच अपवाद. चिक्कमल्लिगवाडच्या आयआयटीत मात्र फाटकावर उभं राहून उपयोग नाही, आधी ईमेल करून परवानगी घ्यावी लागते.

बॅनरवरचे आकडे, फाइलमधले आकडे

'१०० टक्के प्लेसमेंट' हा बॅनर बघून पालक भारावतात आणि मूल गप्प होतं. त्या आकड्याचा छेद बहुतेक वेळा 'कॅम्पस मुलाखतीला पात्र ठरलेली मुलं' एवढाच असतो. खरा छेद घरी बसून काढता येतो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजला आपण पाठवलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. ती पीडीएफ शोधा. त्यात एका तक्त्यात ओळीनं असतं: पहिल्या वर्षाची प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, ठरलेल्या मुदतीत पदवी घेतलेली मुलं, नोकरी लागलेली, पुढच्या शिक्षणाला गेलेली, आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार. समजा प्रवेश १२०, मुदतीत पास ८४, नोकरी ५०, पुढं शिकायला ६. म्हणजे वर्गातल्या ३६ मुलांचं वर्ष अडकलं किंवा ती सोडून गेली. पालकांनी विचारायचा प्रश्न या छत्तीस जणांचा आहे: बॅकलॉग राहिलेल्या मुलांसाठी कॉलेज काय करतं? जादा वर्ग आहेत का, कोण घेतं? आणि बॅनरवरचं 'सर्वोच्च पॅकेज' एका मुलाचं असतं. मध्यक म्हणजे पगारांच्या चढत्या रांगेत बरोबर मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा पगार, आपल्या मुलासाठी तोच धरावा.

नॅक ही कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिचा दर्जा संपूर्ण कॉलेजचा असतो: ए++ म्हणजे ४ पैकी ३.५१ पासून, ए+ ३.२६ पासून, ए ३.०१ पासून. एनबीए या मानांकन मंडळाची मान्यता मात्र शाखेगणिक असते. एकाच कॉलेजात मेकॅनिकलला ती आहे आणि नव्यानं सुरू झालेल्या एआय शाखेला नाही, हे सर्रास दिसतं. मुलाच्या शाखेपुरतं विचारा, आणि मुदत कधी संपते तेही. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेसाठी कॉलेज जाहीर करतं त्या 'मँडेटरी डिस्क्लोजर'मध्ये प्राध्यापकांची नावनिशी यादी असते. तिची प्रत फोनमध्ये घेऊन जा आणि विभागाच्या केबिनवरच्या पाट्यांशी ताडून बघा. सगळी नावं तंतोतंत जुळणार नाहीत, माणसं बदलतातच. पण यादीतली निम्मी नावं तिथं कुणाला ठाऊकच नसतील तर ते कॉलेज बाजूला ठेवावं, मग इमारत कितीही सुंदर असो.

हॉस्टेल

खोली दाखवायला नेतात ती 'नमुन्याची' असते, तळमजल्यावरची, रंग दिलेली. तुम्ही वरच्या मजल्यावरची, पश्चिमेकडच्या भिंतीची खोली बघायला मागा. बेळगाव-खानापूरचा पाऊस त्याच बाजूनं झोडपतो. कपाट थोडं पुढं ओढून भिंतीला हात लावा; ओल असेल तर बुरशीचा काळा पट्टा आणि कुबट वास लपत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर मुलं कपडे कुठं वाळवतात तेही दिसतं. वाळवायला छपराखाली जागा नसेल तर पंख्याखाली दोरी बांधलेली असते आणि चार महिने खोलीत दमटपणा राहतो. दम्याच्या किंवा सर्दीच्या मुलासाठी हे साधं कारण पुरेसं आहे.

गरम पाण्याला 'सोलर आहे' हे उत्तर जूननंतर उपयोगाचं नाही, कारण ऊनच नसतं. त्या महिन्यांत विजेचा हीटर, बंब, काय आहे ते विचारा. बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं. शहरातल्या हॉस्टेलला रोज येतं का, टाकी किती तासांत संपते, एप्रिल-मे महिन्यात टँकर येतो का, हे वॉर्डनपेक्षा झाडलोट करणाऱ्या मावशी जास्त नेमकं सांगतात.

मेसचं दुपारचं जेवण चाखू नका, रात्रीचा मेनू विचारा, आणि खास करून रविवारचा. बऱ्याच मेसमध्ये रविवारी रात्री चूल बंद असते आणि पोरं वडापाव किंवा अंडाराईसवर भागवतात. खानापूर-चंदगडचं पोरगं भातावर वाढलेलं, निपाणी-चिकोडीचं भाकरीवर. धारवाडच्या खानावळीत ज्वारीची कडक रोट्टी, शेंगाचटणी आणि कडधान्याची पल्या असते. ते उत्तम जेवण आहे, पण रोज पचतंय का हे मुलालाच ठरवू द्या.

रॅगिंगबाबत आता प्रत्येक विद्यार्थी आणि पालकाला ऑनलाइन हमीपत्र भरावं लागतं. देशभराचा मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ हॉस्टेलच्या भिंतीवर लावलेला आहे की नाही, ते जाता जाता बघून घ्या.

भाषा

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांचे आई-वडील या एका गोष्टीनं सगळ्यात जास्त धास्तावलेले असतात. बेळगाव शहरातल्या कॉलेजांच्या आवारात मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही सहज ऐकू येतात, एका वाक्यात तिन्हीही येतात. ऑफिसच्या सूचना मात्र कन्नड आणि इंग्रजीत असतात. व्हीटीयूच्या इंजिनिअरिंगमध्ये कन्नडचा एका श्रेयांकाचा (क्रेडिटचा) विषय आहे, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. कन्नड येणाऱ्यांसाठी 'सांस्कृतिक कन्नड', न येणाऱ्यांसाठी 'बळके कन्नड', म्हणजे दैनंदिन व्यवहाराची भाषा. शाळेत कन्नड शिकलेल्या सीमाभागातल्या मुलाला यात अडचण नाही. खरी अडचण इंग्रजीची असते, आणि तीही पहिल्या सत्रातच. मराठी माध्यमात 'बल', 'संवेग', 'विद्राव्यता' शिकलेलं मूल संकल्पना जाणतं, पण फळ्यावर इंग्रजी शब्द आला की थबकतं. म्हणून पीयू कॉलेज निवडतानाच विचारा: सायन्सच्या पहिल्या महिन्यात मराठी-कन्नड माध्यमाच्या मुलांसाठी वेगळे तास घेतात का? पीयूला भाषा म्हणून मराठी घेता येते, पण ती शिकवणारे शिक्षक त्या कॉलेजात हवेत.

कोल्हापुरात बोलीचा प्रश्न नाही. तिथं सीमाभागातलं मूल लगेच मिसळतं. पण घरापासून तुटल्याची भावना सगळ्यांना सारखीच येते, भाषा एक असली म्हणून ती कमी होत नाही.

मुलाला एकटं सोडा

वडील बरोबर असले की सिनिअर मुलं "सगळं छान आहे काका" म्हणतात आणि विषय संपतो. तेच आपल्या मुलाला कँटीनमध्ये पाऊण तास एकटं सोडलं, किंवा चुलतभाऊ-मामेबहीण त्या गावात शिकत असेल तर तिच्याबरोबर पाठवलं, तर वेगळंच ऐकायला मिळतं. मुलाला प्रश्न मात्र नेमके द्यावे लागतात. 'कॉलेज कसं आहे?' याला काही उत्तर नसतं. 'गेल्या आठवड्यात किती लेक्चर्स झाली नाहीत?' 'कुठला विषय कुणीच शिकवत नाही?' 'आजारी पडलं की कोण नेतं?' 'फीशिवाय वर्षभरात किती पैसे मागितले?' अशांना सरळ उत्तरं येतात.

परतीच्या बसमध्ये लगेच 'आवडलं का?' विचारू नका. मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावरून मूल उत्तर ठरवतं. आधी त्यानं फोनमध्ये चार ओळी टिपाव्यात, मग तुमचं मत सांगावं. पालक इमारत, शिस्त आणि फी बघतात. पंधरा-सोळाचं पोरगं बघतं ते आपल्यासारखी मुलं तिथं हसतायत का, संडासाला कडी आहे का, मैदानावर संध्याकाळी कुणी खेळतं का. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. चार वर्षं तिथं त्यालाच काढायची आहेत.

फी आणि ऑप्शन एंट्री

फीची चौकशी तोंडी करू नका. गेल्या वर्षीच्या एखाद्या पहिल्या वर्षाच्या मुलाच्या पावत्या बघायला मागा. सीईटीच्या सरकारी कोट्यातली फी ठरलेली असते. वेगळ्या पावतीवर येतात ते बाकीचे आकडे, म्हणजे बस, हॉस्टेल डिपॉझिट, गणवेश, 'स्किल' कोर्स. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कर्नाटकात एसएनक्यू आणि महाराष्ट्रात टीएफडब्ल्यूएस या नावानं ट्यूशन फी माफीच्या जागा आहेत. त्यासाठी उत्पन्नाचा चालू दाखला अर्ज भरतानाच लागतो. आणि कुठल्याही कॉलेजला मुलाचे मूळ दाखले अडकवून ठेवायचा अधिकार नाही. पडताळणी झाली की ते परत मागून घ्यायचे.

बघितलेल्या कॉलेजांची क्रमवारी मुलानं कागदावर आधीच लावलेली असावी, शाखा आणि कॉलेज अशा जोडीनं, कारण केईएच्या ऑप्शन एंट्रीत, म्हणजे ऑनलाइन पसंतीक्रम देताना, तीच जोडी भरायची असते. आपल्याला मिळणारच नाही असं वाटणारं कॉलेज वर ठेवायला घाबरू नका. वरचा पर्याय हुकला म्हणून खालच्यावरचा हक्क जात नाही. जिथं जायचंच नाही तो पर्याय मात्र यादीत टाकूच नका. आधी मॉक, म्हणजे नमुन्याचं वाटप जाहीर होतं. त्यात जे कॉलेज दिसेल, ते आधी बघितलेलं नसेल तर खऱ्या वाटपाआधीच्या त्या दोन-चार दिवसांत जाऊन बघून या आणि क्रम बदलायचा तर बदला. पहिल्या फेरीनंतर चार पर्याय येतात: पहिला म्हणजे जागा पसंत, फी भरून रुजू, दुसरा म्हणजे जागा पसंत पण पुढच्या फेरीत याहून चांगल्यासाठी प्रयत्न, तिसरा म्हणजे ही जागा नको, पुढच्या फेरीत बघू, चौथा म्हणजे प्रक्रियेतूनच बाहेर. दुसरा पर्याय घेतला आणि पुढच्या फेरीत वरचं कॉलेज लागलं, तर आधीची जागा आपोआप जाते. म्हणून दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवण्याआधी यादीतली सगळ्यात वरची दोन कॉलेजं मुलानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली हवीत.